शंभर रुपयांचा फॉर्म

या लेखात दोन साडू भांडतात. एक धुळ्याचे. देवपुरात घर, तोफखान्यातून सुभेदार म्हणून निवृत्त. त्यांना सगळे नाना म्हणतात. दुसरे जळगावचे, कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवतात. त्यांना घरातसुद्धा सरच म्हणतात. भांडणाचं कारण सरांचा मुलगा, बारावी सायन्स, वय सतरा. तो अर्थातच खोलीत नाही, क्लासला गेला आहे. मी शेजारी म्हणून आसोद्याच्या वांग्यांचं भरीत खायला बोलावलेला, म्हणून साक्षीदार. महिना डिसेंबर २०२५. एनडीएची, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची, जाहिरात नुकतीच आलेली, आणि नाना देवपुरातल्या नेट कॅफेतून अर्धा भरलेला फॉर्म छापूनच घेऊन आलेले.

नाना: फोटो, सही आणि शंभर रुपये, एवढंच बाकी आहे. जेसीओच्या, म्हणजे माझ्यासारख्या सुभेदाराच्या, मुलाला ते शंभरही माफ असतात. पण मला दोन्ही मुली, आणि त्यांच्या वयात एनडीएचं दार मुलींना बंद होतं. म्हणून म्हणतो, आपल्या घरातून एक तरी पोरगा त्या दारापर्यंत जाऊ द्या.

सर: शंभर रुपयांचं मला काही नाही, नाना. शंभरानंतर जे सुरू होतं त्याची भीती वाटते. फेब्रुवारीत बोर्ड, जानेवारी-एप्रिलला जेईई, आणि त्याच एप्रिलमध्ये हा एनडीएचा पेपर. पोरगा एक, परीक्षा तीन. त्यात तुम्ही दिवाळीत संभाजीनगरच्या अकॅडमीचं काढलंत. तिथे फी आणि हॉस्टेल धरून आकडा लाखाच्या घरात जातो.

नाना: ते लेखीसाठी म्हणालो होतो.

सर: लेखी मला सांगू नका. गणिताचा पेपर ३०० मार्कांचा, १२० प्रश्न, अडीच तास. एका प्रश्नाला सव्वा मिनिट. चुकलं की एक तृतीयांश मार्क कापतात. दुसरा पेपर ६०० चा, त्यातले २०० नुसते इंग्रजीचे. दोन्ही पेपर इंग्रजी आणि हिंदीत, मराठीत नाहीत. आपल्या बोर्डाचा विद्यार्थी एकेक पायरी लिहीत गणित सोडवतो. ती सवय मोडायला सहा महिने लागतात, आणि हे मी वर्गात रोज बघतो. तरीही लेखी निघेल. ९०० पैकी तीनशेच्या मागेपुढे मिळाले तर मुलाखतीला बोलावतात. माझा पोरगा तेवढे काढेल. पुढच्या ९०० चं काय?

नाना: त्या ९०० साठीच तर पाठवायचा!

इथे वाचकासाठी हिशेब सांगून टाकतो, कारण खानदेशात पुष्कळ घरांत तो अजून माहीत नाही. यूपीएससी वर्षातून दोनदा, एप्रिल आणि सप्टेंबरमध्ये, ही लेखी परीक्षा घेते. जागा दर वेळी चारशेच्या आसपास, अर्ज काही लाख. लेखी ९०० ची. मग एसएसबी, म्हणजे सेवा निवड मंडळाची पाच दिवसांची चाळणी, तीही ९०० ची. दोन्ही मिळून १८०० पैकी साधारण साडेसहाशे-सातशेच्या पुढे जो, तो यादीत. नंतर वैद्यकीय तपासणी. जातीचं आरक्षण नाही, राज्याचा कोटा नाही, माजी सैनिकाच्या मुलासाठी राखीव जागा नाही. खडकवासल्याच्या एनडीएत शिक्षण, राहणं, जेवण, कपडे हा खर्च सरकारचा. आणि कोणाचंही पत्र लागत नाही.

हे शेवटचं वाक्य वहिनींना पटेना. सरांची बायको, म्हणजे नानांच्या बायकोची धाकटी बहीण. त्या पुऱ्या तळता तळता बाहेर आल्या.

वहिनी: भाऊजी, खरंच कोणाचं पत्र लागत नाही? समोरच्या काकू म्हणत होत्या, आमदारांकडून शिफारस आणली तर बरं पडतं.

नाना: आमदारांच्या पत्राची तिथे पुडीसुद्धा बांधत नाहीत! उमेदवाराला पहिल्या दिवशी छातीवर नंबर मिळतो. त्यानंतर पाच दिवस तो नंबर. आडनाव काय, बाप कोण, हे मैदानावर कोणी विचारत नाही. या देशात वशिल्याशिवाय उघडणारी दारं किती आहेत, तूच मोज.

नानांचं हे म्हणणं इतिहासानेही पक्कं होतं. इंग्रजांच्या काळात हे दार शिफारशीचंच होतं. १९१८ पासून इंग्लंडमधल्या सँडहर्स्टच्या लष्करी कॉलेजात हिंदी तरुणांना वर्षाला १० जागा मिळू लागल्या. त्या व्हाइसरॉयच्या नामनिर्देशनाने भरत, आणि नामनिर्देशन घराणं, जमीन आणि सरकारनिष्ठा बघून होई. डेहराडूनची इंडियन मिलिटरी अकॅडमी १९३२ साली ४० मुलांवर सुरू झाली तेव्हा कुठे खुल्या परीक्षेची वाट रुंदावली. अमेरिकेत आजही वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत जायचं तर बहुतेक मुलांना आपल्या भागाच्या लोकप्रतिनिधीकडे किंवा सिनेटरकडे नामनिर्देशनासाठी वेगळा अर्ज करावा लागतो, त्यांच्या समितीपुढे मुलाखत द्यावी लागते. एका लोकप्रतिनिधीच्या खात्यावर एका अकादमीत एका वेळी पाचच मुलं असू शकतात. न्यू जर्सीतल्या मराठी घरांतली मुलंही त्याच रांगेत उभी राहतात. आपण स्वातंत्र्यानंतर ही भानगड ठेवली नाही, आणि मला तरी हे आपल्या प्रजासत्ताकाच्या थोड्या सरळ कामांपैकी एक वाटतं.

सरांना मात्र तेवढं सरळ वाटत नव्हतं.

सर: ओळख चालत नाही हे मान्य. पण माहिती चालते, आणि माहिती ओळखीतूनच मिळते. आमचंच बघा. संभाजीनगरला सरकारची एसपीआय, म्हणजे सर्व्हिसेस प्रिपरेटरी इन्स्टिट्यूट आहे, १९७७ पासून. दहावीनंतर तिथे मुलं घेतात, अकरावी-बारावी करून घेतात, एनडीएची तयारी सरकारी खर्चाने. मी स्वतः शिक्षक. मला ती जाहिरात कळली तेव्हा पोरगा अकरावीत होता. ज्यांच्या घरात एक अधिकारी आहे त्यांना हे सातवीत माहीत असतं. डेहराडूनच्या आरआयएमसीला, म्हणजे राष्ट्रीय इंडियन मिलिटरी कॉलेजला, आठवीत प्रवेश, भरलेला फॉर्म पुण्याच्या राज्य परीक्षा परिषदेकडे. जळगावात किती पालकांनी हे नाव ऐकलंय? सांगा.

नाना: मी ऐकलं होतं.

सर: ऐकून आम्हाला का नाही सांगितलंत?

नाना: (थोडं थांबून) तेव्हा तुम्ही त्याला डॉक्टर करणार होता.

वहिनी हसल्या, सर हसले नाहीत.

नाना: आणि सहावीत असताना मी साताऱ्याचं म्हणालो होतो की नाही? देशातली पहिली सैनिकी शाळा, १९६१ ची, आपल्या राज्यात. नववीलाही घेतात. चंद्रपूरला दुसरी झाली. मराठी मुलखाच्या सीमेवर बेळगावला मिलिटरी स्कूल. नाशिकला मुंज्यांची भोसला १९३७ पासून. दारं कमी आहेत का?

वहिनी: दहा वर्षांचं लेकरू मी साताऱ्याला ठेवलं नसतं, भाऊजी. आजही ठेवणार नाही. तुम्ही फौजेत गेलात तेव्हा अठराचे होता, आणि तरी तुमच्या आई किती रडायच्या ते ताईने मला सांगितलंय.

सर: आणि त्या दारांचीही फी आहे. सैनिकी शाळेचा वर्षाचा खर्च लाखाच्या पुढे. शिष्यवृत्ती मिळते, पण आधी भरावे लागतात. कापसाला भाव नसलेल्या वर्षी पारोळ्याच्या शेतकऱ्याने ते कुठून आणायचे? म्हणून म्हणतो, वशिला गेला तरी उंबरठा राहिला. छावणीत वाढलेल्या पोराला लेफ्टनंट आणि लान्सनाईक यांतला फरक आईच्या दुधाबरोबर कळतो. आमच्या पोराला तो पुस्तकातून पाठ करावा लागतो. मग मैदानावर नंबर लावून दोघांना एका रेषेत उभं करायचं, आणि म्हणायचं, बघा कशी समता!

नाना यावर तडकतील असं वाटलं होतं. ते पाण्याचा तांब्या उचलून गच्चीकडे बघत बसले. मग एकदम धरणगावचं काढलं.

नाना: १८२५ साली औट्रम नावाच्या लेफ्टनंटने धरणगावला भिल्ल पलटण उभी केली, हे तुम्ही पोरांना शिकवता का?

सर: मी गणित शिकवतो.

नाना: चाळीसगावहून कन्नडला जाताना जो घाट लागतो त्याला त्याच औट्रमचं नाव आहे. खानदेश भिल कोअर. बंदूक धरणारे आपले, हुकूम देणारे गोरे. पुढे ती पोलिसात विलीन झाली. म्हणजे खानदेशाने वर्दी घातली त्याला दोनशे वर्षं झाली, सर. आपल्याकडची पोरं आजही भरतीला धावतात, पहाटे चारला मेहरूणच्या तलावाभोवती बघा, पांझरेच्या काठाला बघा. सोळाशे मीटर कोणत्याही पोराला विचारा, सेकंदासकट सांगेल. पण एसएसबी म्हटलं की विचारतो, तो काय प्रकार असतो? मी अठ्ठावीस वर्षं नोकरी केली. चोवीस वर्षांच्या लेफ्टनंटला सॅल्यूट केला, आनंदाने केला, माणसं चांगली होती. पण माझ्या युनिटला जळगाव-धुळ्याचा अधिकारी एकदाही आला नाही. एकदाही. मला काय वाटत असेल?

कोणीच बोललं नाही. माझं मत इथे सांगतो. नानांचं हे दुःख खरं आहे, पण दुःख खरं असलं म्हणून ते सतरा वर्षांच्या दुसऱ्याच मुलाच्या फॉर्मवर चिकटवायचं का, हा सरांचा न विचारलेला प्रश्नही खरा होता. तो त्यांनी दुसऱ्या बाजूने विचारला.

सर: नाना, तुम्ही स्वतः कधी प्रयत्न केला नाही का? जवानांनाही अधिकारी होता येतं ना?

नाना: एसीसी. आर्मी कॅडेट कॉलेज. वीस ते सत्तावीस वयात, बारावी पास, थोडी नोकरी झालेली हवी. त्यांनाही तीच एसएसबी. मी गेलो होतो.

ही गोष्ट त्यांच्या साळीलाही माहीत नव्हती. वहिनी पुरीची झारी हातात घेऊन तशाच उभ्या राहिल्या.

नाना: पहिल्या दिवशी एक धूसर चित्र अर्धा मिनिट दाखवतात. त्यावर चार मिनिटांत गोष्ट लिहायची, मग गटात बसून बोलायचं. अर्ध्याहून अधिक पोरं त्याच दुपारी घरी जातात. मी राहिलो. दुसऱ्या दिवशी पडद्यावर एकेक शब्द, पंधरा सेकंद, साठ शब्द. शब्द आला की मनात येईल ते वाक्य लिहायचं. दहा-बारा शब्दांपर्यंत माणूस शहाणपणा करू शकतो. पुढे हात थकतो आणि खरं लिहायला लागतो. मग अर्ध्या तासात साठ प्रसंग. मग दोन दिवस मैदान. फळ्या, दोर, ओझं, गटाने ओलांडायचे अडथळे. मुलाखत. पाचव्या दिवशी कॉन्फरन्स. आत गेलो तर सगळं बोर्ड गणवेशात, समोर एक रिकामी खुर्ची. ज्याने माझं लिखाण वाचलं, ज्याने मला मैदानावर बघितलं, ज्याने मुलाखत घेतली, ते आठवडाभर आपापलं मत स्वतःपाशी ठेवून असतात. तिथे ते एकत्र येतं. मला विचारलं, जेवण कसं होतं? म्हणालो, उत्तम, साहेब. काही बदल सुचवाल? म्हणालो, नाही, साहेब. दोन मिनिटांत बाहेर. मग एक अधिकारी आला आणि त्याने नंबर वाचले. माझा नव्हता.

सर: कारण?

नाना: कारण सांगत नाहीत. कोणालाच नाही.

सर: म्हणजे निम्मे मार्क अशा परीक्षेला, जिथे काय चुकलं ते कळत नाही. मी गणितवाला आहे. उत्तर चुकलं तर मला पायरी दाखवता आली पाहिजे.

नाना: मीही वर्षभर पायरी शोधत होतो. आता वाटतं, त्या खोलीत मी जवान म्हणूनच बसलो. उत्तम साहेब, नाही साहेब. कॅन्टीनच्या डाळीत मीठ जास्त होतं, तेवढंही बोललो नाही. पण हे माझं वाटणं झालं. बोर्डाने काय पाहिलं ते बोर्डाला ठाऊक.

सर: मग तुम्हीच सांगा, यासाठी अकॅडमी काय शिकवणार?

नाना: लेखीसाठी शिकवेल. एसएसबीसाठी चार दिवस जाऊन प्रकार बघून यावा, दोरीवर कसं चढायचं, वेळ किती असतो, एवढं. दहा दिवसांत अधिकाऱ्याचे पंधरा गुण अंगात आणून देतो म्हणणारे भेटतात, ती कार्बाइडची केळी. बाहेरून पिवळी, आत कच्ची. बोर्डवाले ती रोज सोलतात. आणि मेडिकल काढून देतो म्हणणारा भेटला तर त्याला दारातूनच परत पाठवायचं. डोळे, तळपाय, गुडघे, कान, वजन, नाक, हे सगळं लष्करी रुग्णालयात बघतात. नापास केलं तर अपील करता येतं. तिथे दलालाचं काम नाही.

वैद्यकीय तपासणीचं निघालं तेव्हा मी मध्ये बोललो. धुळे-नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यात गोंदणाची परंपरा आहे. गोंदलं म्हणजे फौजेत घेत नाहीत, असं तिकडे सर्रास समजतात. इतरांसाठी गोंदण कोपराच्या आतल्या बाजूला वगैरेच चालतं हे खरं, पण परंपरेने गोंदणाऱ्या आदिवासी समाजांसाठी नियमात वेगळी सवलत लिहिलेली आहे. प्रत्येक उमेदवाराचं बघून ठरवतात. शिरपूरकडच्या किती पोरांनी हे न वाचताच फॉर्म भरला नसेल! सर म्हणाले, हेच तर माझं म्हणणं, माहिती. या एका मुद्द्यावर नानांनी मान डोलावली.

वहिनींचा प्रश्न मात्र कोणाच्याच तयारीचा नव्हता.

वहिनी: आणि तिथे पडला, हातपाय मोडला, तर?

नाना: सरकार बघतं.

वहिनी: किती बघतं? मी पेपर वाचते, भाऊजी. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून ते प्रकरण घेतलं. प्रशिक्षणात जायबंदी होऊन घरी पाठवलेली मुलं, १९८५ पासून पाचशेच्या आसपास. अधिकारी झाले नाहीत म्हणून माजी सैनिकही नाहीत. महिन्याला फार तर चाळीस हजार, आणि उपचारांचा खर्च त्याहून जास्त. न्यायालयाने हात घातला तेव्हा कुठे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेत त्यांना घेतलं. ही तीन-चार महिन्यांपूर्वीची गोष्ट आहे. तुम्ही मला वर्दीतले फोटो दाखवता, ही मुलं का नाही दाखवत?

नानांनी उत्तर दिलं नाही. त्यांच्यापाशी उत्तर नव्हतं, आणि माझ्यापाशीही नाही. एवढंच म्हणेन की जे पालक फॉर्मवर सही करायला लावतात त्यांनी ही बातमी आधी वाचलेली असावी. ती वाचूनही पाठवावंसं वाटलं तर पाठवावं.

सर: (आवाज खाली आणून) नाना, मला पोराला अडवायचं नाही. मला एवढंच नको आहे की त्याची दोन वर्षं जावीत आणि शेवटी त्याच्या हातात फक्त एक न वाचलेला नंबर राहावा.

नाना: दोन वर्षं कशाला जातील? साडेसोळा ते साडेएकोणीस वय. या वयात चार-पाचदा बसता येतं. इंजिनिअरिंगला घाला आणि बसू द्या. नाही झालं तर पदवीनंतर सीडीएसची परीक्षा आहे, तांत्रिक शाखांची भरती आहे. तेव्हा त्याच एसएसबीत तो बावीस वर्षांचा असेल, जास्त कळता. घाई तुम्हाला वाटते, नियमाला नाही. आणि पहिल्यांदा एसएसबीला जाईल तेव्हा रेल्वेचं थर्ड एसीचं भाडं सरकार देतं. एसएसबीची केंद्रं काही लांब नाहीत, भुसावळला बसला की भोपाळ सहा-सात तास, प्रयागराजही त्याच स्टेशनावरून. जंक्शन आपल्या दारात आहे, आणि आपण त्यावर फक्त केळी चढवली.

वहिनी: मुलीचं काय ते सांगा मग. पोरगी दहावीला आहे. ती ऐकतेय आतून.

इथे नाना पुन्हा धुळ्याचे नाना झाले, ताठ. १८ ऑगस्ट २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने मुलींना परीक्षेला बसू द्या म्हटलं. त्याच नोव्हेंबरच्या परीक्षेला पावणेसहा लाख अर्ज आले, त्यांत पावणेदोन लाखांहून अधिक मुलींचे. मुलींसाठी जागा किती? १९. मे २०२५ मध्ये पहिल्या तुकडीच्या १७ मुली खडकवासल्याहून बाहेर पडल्या. एसपीआयसारखीच मुलींची संस्था राज्य सरकारने नाशिकला २०२३ मध्ये सुरू केली, दहावीनंतर प्रवेश. हे सगळं नानांना तोंडपाठ होतं. दोन मुलींचा बाप होता तो.

नाना: हिचा फॉर्म वेळेत भरायचा. त्याचं चुकलं ते हिचं चुकू नये. पुढे एनडीएची फी मुलींना माफ असते, ते शंभर माझे वाचले!

सर: आणि जागा १९?

नाना: पुढे वाढल्या थोड्या.

सर: थोड्या. पावणेदोन लाखांत थोड्या. मला लेकीला स्वप्न दाखवताना हा आकडाही दाखवावा लागेल.

नाना: दाखवा. मी कुठे नाही म्हणतो? आकडा बघून जी मागे फिरली नाही तीच तिथे हवी आहे त्यांना.

नवाच्या सुमारास मुलगा आला. सायकल लावली, हातपाय धुतले, ताट वाढायच्या आधीच टेबलावरची प्रिंट उचलली. सेवांचा पसंतीक्रम नानांनी लष्करापासून सुरू केला होता. सरांनी तोपर्यंत पेन्सिलने हवाई दल वर सरकवलं होतं. नौदल शेवटी, ते वहिनींचं, कारण समुद्र. कोणीच त्याला विचारलेलं नव्हतं. नानांनी अहिराणीत कौतुक सुरू केलं, "पोऱ्या हुशार शे," आणि तो मधेच म्हणाला:

"नाना, नाव चुकलंय. दहावीच्या मार्कशीटवर आडनाव पहिलं आहे. इथे शेवटी टाकलंय. मॅट्रिकच्या दाखल्यावर जसं आहे तसंच लागतं, जाहिरातीत दिलंय."

"तू जाहिरात वाचलीस?"

"सगळी. परवा." मग वडिलांकडे बघून, "आणि पसंतीत नौदल पहिलं. त्याला फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स लागतं, ते आहे. यंदा बोर्डामुळे तयारी होणार नाही, हे मला माहितीये. एप्रिलला पेपर बघून येतो. खरा प्रयत्न सप्टेंबरचा."

सरांनी विचारलं, नौदलच का? तो म्हणाला, जहाजावर इंजिन असतं. एवढंच. नानांना ते कारण पुरेसं वाटलं नाही, सरांना थोडं वाटलं, आणि वहिनींनी त्यावर ताट वाढलं. वाद मिटला असं मी म्हणणार नाही. पंगतीत तो लष्कर की नौदल यावर पुन्हा पेटला, आणि मी घरी निघालो तेव्हा नाना औट्रमवरून मुंबईच्या गोदीपर्यंत पोचले होते.

माझा कौल सरांच्या आणि नानांच्या मधे कुठेतरी नाही, तो त्या मुलाच्या बाजूने आहे. वशिला नाही हे नानांचं बरोबर, माहितीचा उंबरठा आहे हे सरांचं बरोबर, पण दोघेही फॉर्म आपलाच समजून बसले होते. त्या पाच दिवसांत बापही नसतो आणि मावसाही नसतो. तिथे गेल्यावर ज्याला स्वतःच्या पसंतीचं कारण सांगता येत नाही, त्याला घरच्यांनी भरलेल्या फॉर्मचा काय उपयोग?

जळगाव-धुळ्याच्या ज्या घरांत यंदा दहावीचं मूल आहे, त्यांनी जानेवारीपासून संभाजीनगरच्या आणि मुलींसाठी नाशिकच्या संस्थेच्या जाहिरातीवर नजर ठेवावी. बारावीचं असेल तर यूपीएससीची जाहिरात डिसेंबरात आणि मे महिन्यात येते. मुलाचे डोळे आणि रंगदृष्टी साध्या नेत्रतज्ज्ञाकडे आधी तपासून घ्या. आणि फॉर्म भरायला बसाल तेव्हा कीबोर्डसमोर मूल बसू द्या, दहावीची मार्कशीट त्याच्या हातात द्या.